पॉइंट टूटू (.२२) रायफलीचा बार फुसका गेला, तर खर्च किती?

सुरतच्या पांडेसरा जीआयडीसीत लेथवर बनत नाही अशी लोखंडी वस्तू शोधावीच लागेल. डाइंग-प्रिंटिंगच्या मिलमध्ये रात्री बुश झिजतो, शाफ्ट वाकतो आणि सकाळच्या पाळीला मशीन चालू हवं असतं. म्हणून टर्नर लोकांना इथे कामाचा तोटा नाही, आणि त्यांच्यात आपले धुळे, नंदुरबार, जळगावकडचे लोकही आहेत. त्यामुळे गावाहून फोन आला, ‘आबांची पॉइंट टूटू मिस व्हायला लागलीय, दहातली चार काडतुसं उडत नाहीत,’ की इथल्या नातवाच्या डोक्यात पहिला विचार येतो तो हाच: पिन झिजली असेल, ओळखीच्या लेथवाल्याकडून नवी काढून घेऊ. अर्ध्या तासाचं काम, दोन-तीनशे रुपये.

हे दोन-तीनशे रुपये फार महागात पडू शकतात. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे बंदुकीची दुरुस्ती करायलाही परवाना लागतो. तो नसताना दुरुस्ती केली तर कलम २५(१) लागतं, आणि २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर त्याची शिक्षा किमान ७ वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप अशी झाली आहे. लेथवाला बिचारा ‘एवढीशी तर पिन’ म्हणून करून देईल आणि अडकेल. देणाराही सुटत नाही. समोरचा माणूस कायद्याने पात्र आहे की नाही याची खात्री न करता त्याच्या हाती बंदूक सोपवणं हा वेगळा गुन्हा आहे, शिवाय आबांचा परवाना जाईल तो जाईलच.

आणि गंमत अशी की बहुतेक वेळा पिनचा दोष नसतोच. जुन्या पॉइंट टूटूचा बार फुसका जाण्याची कारणं खर्चाच्या क्रमाने लावली, तर पहिल्या दोन कारणांना मिळून फार पैसे लागत नाहीत आणि घरची निम्म्याहून जास्त प्रकरणं तिथेच संपतात. म्हणून आधी फुकटची तपासणी, मग स्वस्त इलाज, मग दुकान, हा क्रम सोडू नका.

आधी काडतूस कसं पेटतं ते

वरणगावच्या आयुध निर्माणीत नोकरी केलेला कोणी नातेवाईक असेल तर त्याला विचारा. तिथे बनतात ती ५.५६ आणि ७.६२ मिलिमीटरची लष्करी काडतुसं. त्यांच्या बुडाच्या मधोमध एक छोटी टोपी असते, पिन तिच्यावर आदळते. पॉइंट टूटूच्या काडतुसाला अशी टोपी नाही. बुडाशी जी बाहेर आलेली कड असते ती आतून पोकळ आहे आणि पेट घेणारा मसाला त्या पोकळ कडेत भरलेला असतो. पिन ही कड चेंबरच्या काठावर चेचते, मसाला पेटतो, मग दारू पेटते. अमेरिकेत १८५७ साली स्मिथ अँड वेसनने असं छोटं काडतूस बाजारात आणलं, आणि आज आपण वापरतो ती ‘लाँग रायफल’ जात १८८७ ची. एनसीसीत ज्यांनी पॉइंट टूटू चालवली त्यांनी हीच काडतुसं भरली आहेत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य जिंकलं, तेही याच जातीच्या काडतुसावर.

कारखान्यात हा मसाला ओला असताना नळकांड्यात घालतात आणि ते गरगर फिरवून मसाला कडेत पोहोचवतात. तो सगळीकडे सारखा बसला नाही तर कडेचा एखादा भाग रिकामा राहतो. पिन नेमकी तिथे पडली तर ‘टक्’ एवढाच आवाज येणार. रायफल कितीही चांगली असली तरी असं एखादं काडतूस अधूनमधून निघतंच. पन्नासाच्या डब्यात एक गेलं तर काही करू नका. दहात तीन-चार जात असतील तर पुढे वाचा.

खर्च शून्य: टक् झाल्यावर काय पाहायचं

चाप ओढला आणि बार उडाला नाही, तर नळी सुरक्षित दिशेलाच ठेवून मिनिटभर थांबा. मसाला कधी कधी उशिरा पेटतो. घाईने बोल्ट उघडला आणि काडतूस उघड्यावर फुटलं तर पितळेचे तुकडे डोळ्यांत जातात. आवाज नेहमीसारखा न येता नुसतं ‘फुस्स’ झालं असेल तर काम तिथेच थांबवा. गोळी नळीत अडकलेली असू शकते आणि तिच्यामागे दुसरी सोडली तर नळी फुगते किंवा फाटते. बोल्ट काढा, मागून उजेड पाडून नळी आरपार दिसते का पाहा. दिसत नसेल तर गोळी घरी ठोकून काढू नका, ते दुकानाचं काम.

मिस झालेलं काडतूस बाहेर काढलं की त्याच्या कडेवरचा घाव चांगल्या उजेडात बघा. सगळं निदान या घावात आहे आणि त्याला एक रुपया लागत नाही.

घाव खोल, स्वच्छ, नेमका कडेवर असेल तर रायफलने आपलं काम केलं. तेच काडतूस अर्धा वळसा फिरवून पुन्हा भरा. दुसऱ्या जागी मारल्यावर उडालं तर दोष काडतुसाचा. दोन जागी चांगला घाव पडूनही उडत नसेल तर मसाला मेलेला आहे, तिसऱ्यांदा प्रयत्न करू नका.

घाव उथळ, नुसता ओरखडा उठल्यासारखा असेल, तर पिन जोराने येत नाही. इथे लोक लगेच पिनवर किंवा स्प्रिंगवर घसरतात. त्याआधी बोल्टच्या आत साचलेलं जुनं ग्रीस आठवा. त्याबद्दल खाली सविस्तर येतं.

न फिरवता, त्याच जागी दुसऱ्यांदा मारल्यावर बार उडत असेल तर ही फार बोलकी खूण आहे. पहिल्या घावाची ताकद काडतूस चेंबरमध्ये पुढे ढकलण्यात गेली, दुसऱ्या घावाला ते पक्कं बसलेलं होतं. म्हणजे चेंबरमध्ये काहीतरी आडवं येतंय. बहुधा मेण, शिसं आणि काजळीचं कडं. पॉइंट टूटूच्या गोळीवर मेणासारखा लेप असतो, तो वर्षानुवर्षं चेंबरच्या तोंडाशी साचत जातो. त्यातून कोणी पूर्वी स्वस्त म्हणून आखूड ‘शॉर्ट’ काडतुसं भरपूर वापरली असतील तर हे कडं आणखी पुढे, लांब काडतुसाच्या वाटेत बसलेलं असतं.

घाव कडेवर न पडता आतल्या बाजूला सरकला असेल, किंवा मुळीच नसेल, तर मात्र पिन झिजली, तुटली किंवा बोल्ट पूर्ण बंद होत नाही. आधी सेफ्टी अर्धवट लागलेली नाही ना, एवढं तपासा. हसू नका, असं होतं.

दहा काडतुसं मारून एका कागदावर लिहा: किती उडाली, किती दुसऱ्या घावाला उडाली, घाव कसे होते. हा कागद पुढे दुकानात नेला तर कारागीर तुमच्याशी वेगळ्या आदराने बोलतो आणि ‘सगळंच बदलावं लागेल’ हे वाक्य सहसा ऐकू येत नाही. फक्त ही चाचणी कुठे घ्यायची याचं भान ठेवा. छोटी म्हणून हिणवलेली ही गोळी दीड किलोमीटरच्याही पुढे जाते. पांडेसऱ्याची गच्ची, खाडीकाठ, गावाकडची लग्नाची वरात, यांपैकी कुठेही नाही. नेमबाजीची रेंज किंवा परवानाधारक दुकानाची चाचणीची सोय, एवढ्याच जागा.

काडतुसं: थोडी घ्या, दोन जातींची घ्या

आबांच्या कपाटातला डबा किती जुना आहे? बहुतेक घरांत याचं उत्तर कोणाला सांगता येत नाही आणि खरा दोषी तोच असतो. कोरड्या, गार जागी ठेवलेली काडतुसं कित्येक वर्षं टिकतात. पण पत्र्याच्या छपराखाली उन्हाळा-पावसाळा काढलेली, किंवा बंदुकीबरोबर तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली काडतुसं मरतात. तेल फार सावकाश झिरपतं आणि मसाला भिजवून टाकतं. ज्या काळजीने बंदूक राखली त्याच काळजीने काडतुसं गेली, असा हा प्रकार. भिजलेली काडतुसं उन्हात किंवा चुलीजवळ वाळवायचा उद्योग कोणीही करू नये. वाळलेल्या काडतुसाचा भरवसा परत येत नाही, आणि चुलीजवळचं काडतूस चुकून पेटलं तर तो अपघात वेगळाच.

नवी घेताना पूर्ण डबा घेऊ नका. डबा पन्नासाचा असतो, पण दुकानदाराशी बोलून देशी दहा-वीस आणि परदेशी दहा अशी मागा. प्रत्येक जुन्या रायफलीला एखादी जात मानवते आणि एखादी नाही. ऑलिंपिकचे नेमबाजसुद्धा काडतुसांच्या वेगवेगळ्या लॉटची आपल्या रायफलीत चाचणी घेऊन मगच मोठी खरेदी करतात. आपल्याला त्यांच्याइतका नेमकेपणा नको, उडालं म्हणजे झालं. परदेशी काडतूस देशीपेक्षा बरंच महाग पडतं, आणि किंमत आयात आणि साठ्यानुसार हलत असते. म्हणून भाव नेहमी एका काडतुसाचा विचारा, डब्याचा नाही, आणि बिलावर जात व लॉट नंबर लिहून घ्या. एका वेळी किती आणि वर्षाला किती घेता येतील ही मर्यादा परवान्याच्या पुस्तकात आहे. खरेदीची नोंद त्याच पुस्तकात होते. नोंद नको म्हणणारा दुकानदार सोडून द्या.

नव्या काडतुसांनी दहापैकी दहा बार उडाले तर तुमचं काम काडतुसांच्या पैशांत झालं. जुनी काडतुसं शेतात पुरू नका, विहिरीत टाकू नका. दुकानदाराला किंवा पोलीस ठाण्यात विचारून जमा करा.

साफसफाई: सहाशे ते अकराशे

जुन्या रायफली मिस का होतात याचं सगळ्यात मोठं कारण मला विचाराल तर ‘न वापरणं’. निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा, आचारसंहिता संपल्यावर परत. मग कपाटात. जमा करताना कोणीतरी प्रेमाने ग्रीस किंवा डब्यातलं स्प्रे-तेल भरभरून मारतं. ते वर्षभरात पातळ राहत नाही, बोल्टच्या आत काकवीसारखं घट्ट होतं. पिनला त्यातून वाट काढत पुढे यावं लागतं आणि कडेवर पोहोचेपर्यंत तिचा जोर संपतो. थंडीत जास्त मिस आणि उन्हाळ्यात कमी, असं घरचे सांगत असतील तर समजा हेच.

आपली रायफल साफ करायला मालकाला वेगळा परवाना लागत नाही. साहित्य असं. ५.५ मिलिमीटरच्या एअरगनसाठी मिळणारी सळई आणि ब्रश चालतात, कारण नळीचं माप तेच. साधारण ४०० ते ७०० रुपयांत संच येतो. बंदुकीचं तेल छोटी बाटली २०० ते ४०० धरा. नसेल तर शिलाई मशीनचं पातळ तेल घ्या, सुरतेत त्याला काय तोटा! जुना टूथब्रश, सुती चिंध्या, टॉर्च घरचेच. चिकट ग्रीस काढायला थोडं रॉकेल. पेट्रोल वापरू नका, थिनर तर मुळीच नाही. लाकडी दस्त्याचं पॉलिश जातं आणि बंद खोलीत वाफेचा भडका उडू शकतो.

सुरुवातीलाच मॅगझिन काढा, बोल्ट उघडा, चेंबर डोळ्यांनी आणि करंगळीने तपासा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. बऱ्याच जुन्या ब्रनो, बीएसए रायफलींत चाप मागे धरून ओढला की बोल्ट सबंध बाहेर येतो. बोल्टचं तोंड, काडतूस ओढणारा आकडा आणि पिनच्या भोकाभोवतीची काजळी ब्रशने काढा. बोल्ट रॉकेलमध्ये तासभर बुडवून ठेवा, हलवा, निथळवा, पुन्हा बुडवा. निघणाऱ्या रॉकेलचा रंग पाहिला की आजवर बार उडत होता याचंच आश्चर्य वाटेल. मग पूर्ण कोरडा करा आणि पिनच्या भागात तेलाचा एक थेंब, दुसरा नाही. चेंबर घासताना सळई शक्यतो मागून घाला. पुढून घालताना नळीच्या तोंडाला ती घासली तर नेम कायमचा बिघडतो.

बोल्टमधली पिन-स्प्रिंग सुटी करायची की नाही? माझं मत: नाही. पूर्वी कधी केलं नसेल तर सुटी स्प्रिंग उडून खाटेखाली जाईल आणि शोधाशोधीत रविवार जाईल. चापाचा भाग तर उघडूच नका. तिथे अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडला तर रायफल आपटल्यावर आपोआप सुटू शकते.

आणि रिकाम्या रायफलीचा चाप ‘टक्-टक्’ करून पाहण्याची सवय मोडा. पॉइंट टूटूत काडतूस नसेल तर काही मॉडेलांत पिन थेट चेंबरच्या पोलादी काठावर आदळते. कालांतराने तिथे खोच पडते, धातू आत दबतो, काडतूस नीट बसत नाही आणि कड चेचायला पाठीमागे आधार उरत नाही. नवीन पिन घालूनही मिस थांबत नसेल तर ही खोच शोधा.

दुकान: तीन तुकड्यांत भाव विचारा

एवढं करूनही घाव उथळ किंवा बाजूला पडत असेल तर परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे जावं लागेल. बंदूक विकण्याचा परवाना वेगळा, दुरुस्तीचा वेगळा असू शकतो. दुकानाच्या परवान्यात दुरुस्ती लिहिली आहे का, हे सरळ विचारा. फोनवरच रायफलीचा मेक, मॉडेल, कागदावरची नोंद सांगा. आणि भाव एकगठ्ठा घेऊ नका: उघडून तपासण्याचे किती, सुट्या भागाचे किती, शेवटी चाचणीचे किती? काम झालं नाही तर पहिल्या तुकड्याचेच पैसे, हे आधी ठरवा.

बजेट म्हणाल तर मी असं धरेन. स्प्रिंग कमजोर असेल तर मजुरीसह दीड-दोन हजार. पिन तयार मिळाली तर तेवढेच. जुन्या परदेशी रायफलीची पिन घडवून बसवायची असेल तर तीन-चार हजार. चेंबरचा काठ सारखा करायला खास हत्यार लागतं, ते असलेला कारागीरच धरा. हे आकडे वाटाघाटीला बसताना मनात ठेवायचे आहेत, गावागणिक बदलतील. पाच हजारांच्या पुढे गेलं तर ‘जुना भाग परत द्या’ म्हणा. झिजलेली पिन हातात घेऊन पाहिली की सगळं कळतं. तिचं टोक चपटं, गोटीसारखं झालेलं किंवा एका कोपऱ्यात तुटलेलं दिसायला हवं.

या सगळ्यापेक्षा मोठा खर्च बिलात येत नाही. बारा तासांच्या पाळीत काम करणाऱ्याला गावी जाऊन दुकान गाठायचं म्हणजे दोन खाडे, वर उधना ते जळगाव गाडीभाडं. भाग मागवावा लागला तर हेच पुन्हा. म्हणून फोनवर निम्मं काम उरकणं आणि पहिल्याच फेरीत काडतूस, कागद, परवाना सगळं सोबत नेणं, यात खरी बचत आहे.

परवाना महाराष्ट्राचा, मुक्काम सुरतेत

‘सुरतेतच दाखवू’ म्हणून रायफल उचलून आणू नका. परवान्यात क्षेत्र लिहिलेलं असतं. ते फक्त महाराष्ट्रापुरतं असेल तर नवापूर ओलांडल्यावर तीच रायफल बेकायदा ठरते. गुजरात किंवा संपूर्ण भारत असं क्षेत्र असेल तरच विचार करा, नाहीतर धुळे, जळगाव, नाशिककडचंच दुकान गाठा. कायमचा पत्ता सुरतेचा झाला असेल तर ते परवाना देणाऱ्या प्राधिकाऱ्याला कळवणं आलं. गावाकडे जिल्हाधिकारी, सुरत शहरात पोलीस आयुक्त.

आबा स्वतः प्रवास करू शकत नसतील तर कलम ३ मध्ये एक सोय आहे. परवानाधारकाच्या लेखी अधिकारपत्रावर दुसरा माणूस दुरुस्तीसाठी किंवा नूतनीकरणासाठी बंदूक नेऊ शकतो. साध्या कागदावर आबांचं नाव, परवाना क्रमांक, रायफलीचा क्रमांक, कोणाला दिली, कुठल्या दुकानात, कुठल्या तारखेपर्यंत, आणि आबांची सही. सोबत परवान्याचं मूळ पुस्तक. रायफल रिकामी, कव्हरमध्ये, काडतुसं वेगळ्या पिशवीत. परवान्याची मुदत २०१९ पासून ५ वर्षांची झाली आहे. ती संपायला आलेली असेल तर दुरुस्तीआधी नूतनीकरणाचा अर्ज टाका, मुदत संपलेल्या परवान्यावर दुकानदार रायफल आत घेणार नाही.

दुरुस्त करूच नये अशी वेळ

नळीच्या आत गंजाचे खड्डे पडलेत, बोल्टला तडा आहे, आणि आबांना आता रायफल उचलवत नाही. अशा वेळी चार हजार घालण्यात अर्थ नाही. आबा ७० वर्षांचे झाले असतील किंवा रायफल त्यांच्याकडे २५ वर्षं असेल, तर २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ती हयातीतच वारसाच्या नावावर करण्याचा अर्ज करता येतो. आबा गेले असतील तर ‘बघू पुढे’ म्हणून घरात ठेवू नका. कलम २१ प्रमाणे ती ठाण्यात किंवा परवानाधारक दुकानात जमा करायची आणि पावती जपायची. दुकानात ठेवली तर महिन्याचं भाडं किती, ते वाढणार का, आणि वारसाचा अर्ज लांबला तर काय, हे पावतीवरच लिहून घ्या. अर्ज महिनोन्महिने रेंगाळू शकतो आणि भाडं तेवढे महिने चढत राहतं.